सहाव्या खणातला देव

अश्वमेध ऑइल इंजिन कंपनीच्या टाइम ऑफिसला एक खिडकी होती आणि त्या खिडकीत वीस वर्षं एक हात होता. कामगार आपलं कार्ड आत सरकवायचे, हात ते घ्यायचा, उशीर झाला असेल तर लाल खूण करायचा आणि कार्ड परत द्यायचा. खिडकी छातीच्या उंचीवर होती. आतल्या माणसाचं तोंड बघायचं तर वाकावं लागे, आणि लाल खूण मिळालेल्या माणसाला वाकायची हौस नसते. एकदा चिंचवडच्या बाजारात, त्या खिडकीत अकरा वर्षं रोज कार्ड देणारा एक फिटर, तो हात ज्यांचा त्या टाइमकीपर रंगरावांच्या शेजारी उभा राहून वांगी निवडत होता. त्याने अगदी आपुलकीने विचारलं, "पाहुणे कुठले म्हणायचे?"

रंगरावांनी हे फार मनाला लावून घेतलं. तसे ते हळवे गृहस्थ नव्हते. हळवा माणूस टाइम ऑफिसात टिकत नाही. पण आपण नुसता हात नाही, हाताच्या मागे एक पुरा माणूस आहे, हे रिटायर व्हायच्या आत कंपनीला एकदा दिसावं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. ती पुरी करायला त्यांच्याकडे साधन म्हणाल तर एकच होतं. चांदीच्या पट्ट्या.

या पट्ट्यांची कथा अशी. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे मोठेसाहेब म्हणत, त्यांनी बासष्ट सालापासून एक प्रथा पाडली होती. दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, लेथला झेंडूची माळ पडली आणि प्रेसपुढे नारळ फुटला की कायम कामगारांना दोन तोळ्यांची एकेक चांदीची पट्टी मिळे. कंपनीच्या परिपत्रकात तिचं नाव 'स्मृती रौप्यपट्टिका' असं होतं. कामगार तिला बिस्कीट म्हणत. पट्टीच्या मागे साल आणि क्रमांक असे, पुढे चित्र उठवलेलं असे, आणि चित्राची कल्पना दरवर्षी स्वतः मोठेसाहेबांची असे. माणूस चंद्रावर उतरला त्या साली चंद्राचा भलाथोरला वाटोळा गोळा काढून त्यावर कंपनीचा पंप बसवला होता. तिथे पाणी नाही, हे साहेबांना सांगायची हिंमत डिझाइन खात्यात कोणाची झाली नाही. पंचाहत्तर साली सगळीकडे शिस्त आली, तेव्हाच्या पट्टीवर नुसतं एक घड्याळ होतं. ही पट्टी रंगरावांना विशेष प्रिय होती.

कामगारांना चित्राशी कर्तव्य नव्हतं. खंडेनवमीची पट्टी दसऱ्याला सोनाराकडे जाई आणि दिवाळीला बायकोच्या पायात वाजे. रंगरावांच्या पट्ट्याही त्याच वाटेने गेल्या असत्या, पण संसारात अडचण अशी कधी आली नाही आणि हौस अशीही कधी आली नाही, म्हणून त्या ट्रंकेच्या तळाशी पडून राहिल्या. मग चौऱ्याहत्तर साली बेकर नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर सहा महिन्यांसाठी कंपनीत आला. त्याच्या खिशात अशाच चार पट्ट्या असत, एकीवर नाताळ, एकीवर जहाज. त्याच्या देशात लोक असल्या पट्ट्या जमवतात, त्यांची जाडजूड यादी छापतात आणि ज्याच्याकडे पूर्ण संच असेल त्याला मान देतात, असं त्याने सांगितलं. जाताना तो ती यादी रंगरावांना देऊन गेला. जे ट्रंकेत पडून होतं ते त्या दिवसापासून संग्रह झालं.

रंगरावांनी सागवानी पेटी करून घेतली. तिच्यात हिरव्या मखमलीचे वीस खण पाडले आणि वर काच बसवली. पट्टीला उघड्या हाताने शिवायचं नाही. स्टोअरमधून आणलेले पांढरे सुती हातमोजे घालायचे. पट्टी घासायची नाही, पुसायचीसुद्धा नाही. चांदी काळवंडली तर काळवंडू द्यायची, कारण यादीत तसं म्हटलं होतं. त्यांच्या पत्नी प्रभावतीबाईंना यातलं काहीच पटलेलं नव्हतं.

"घरात एवढी चांदी, आणि हळदीकुंकवाला मी स्टीलची वाटी फिरवते," त्या म्हणत.

"ती चांदी नाही. तो इतिहास आहे."

"मग इतिहासाच्या दोन वाट्या करून आणा."

असो. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. येत्या जानेवारीत कंपनीला पंचवीस वर्षं होतील. कॅन्टीनच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरेल आणि ज्याच्याकडे रौप्यपट्टिकांचा संपूर्ण संच असेल त्याचा मोठ्या साहेबांच्या हस्ते व्यासपीठावर सत्कार होईल. रंगरावांनी ते सात वेळा वाचलं. व्यासपीठ म्हणजे सहाशे माणसांसमोर, डोक्यापासून पायापर्यंत.

पण त्यांचा संच अपुरा होता. सहावा खण रिकामा होता.

सहावा खण सदुसष्ट सालचा. ते मंदीचं वर्ष होतं. सगळ्यांना वाटायला चांदी नव्हती. त्याच वर्षी कंपनीचं दहा हॉर्सपॉवरचं पहिलं इंजिन निघालं, म्हणून ते जोडणाऱ्या अकरा जणांनाच पट्ट्या मिळाल्या. रंगरावांनी सात वर्षं त्या अकरा जणांचा माग काढला. टाइमकीपरला एक बरं असतं, कोण कुठे राहतो ते सगळं त्याच्या कपाटात असतं. पण चौघांच्या पट्ट्यांची केव्हाच जोडवी झाली होती. एकाची पट्टी चोरीला गेली होती. ऐंशीच्या जानेवारीत चांदीचा भाव आभाळाला भिडला, तेव्हा उरलेल्यांतल्या, तोवर विकायला नाही म्हणणाऱ्या पाच जणांनी एकाच आठवड्यात आपापल्या पट्ट्या वितळवल्या. रंगराव सायकलवरून प्रत्येकाच्या दारात पोचले ते दरवेळी एक दिवस उशिरा. जन्मभर दुसऱ्यांच्या उशिरावर लाल खूण करणाऱ्याला ते फार लागलं.

अकरावा होता पुनावळ्याचा मालोजी. तो बहात्तर साली वारला होता. त्याच्या घरी रंगराव आजवर गेले नव्हते, कारण विधवेच्या घरात चांदी टिकत नाही, असा त्यांचा हिशेब होता. आता दुसरा उपाय नव्हता. एका रविवारी ते पवना ओलांडून पुनावळ्यात गेले.

मालोजीची बायको रुक्मिणीबाई अंगणात शेंगा निवडत होती. साठीची, काटक, कपाळ रिकामं. कंपनीतून माणूस आला म्हटल्यावर तिने घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि ते काय विचारतात ते शांतपणे ऐकून घेतलं.

"कंपनीची चांदी? न्हाई वो. कंपनीनं आमाला चांदी न्हाई दिली," ती म्हणाली. "देव दिला."

तिने त्यांना आत नेलं. भिंतीत कोनाडा होता, कोनाड्यात देव्हारा, आणि त्यात मधोमध भंडाऱ्याने पिवळीधमक झालेली सदुसष्टची पट्टी उभी होती.

रंगराव चष्मा सावरून पुढे झाले. सात वर्षं शोधलेली वस्तू समोर होती, आणि तिच्यावर बेलाचं पान होतं. मग त्यांनी नीट पाहिलं आणि झालं काय ते त्यांच्या ध्यानात आलं. मोठ्या साहेबांची त्या सालची कल्पना अशी होती, की इंजिन दहा घोड्यांचं, तेव्हा चित्रात आपण घोड्यावर बसलेलो असावं. डोक्याला हॅट, उगारलेल्या हातात पाना आणि घोड्याच्या पायाशी कंपनीचा छोटा पंप, त्याचा नळ वर वळलेला. आता जेजुरीच्या मुलखातल्या माणसाला हे चित्र दाखवा. घोड्यावरचा स्वार, डोक्याला पगडी, हातात तलवार आणि पायाशी शेपूट वर केलेला कुत्रा. खंडोबा नाही तर दुसरं कोण असणार?

"आमी धाकटी पाती," रुक्मिणीबाई सांगत होती. "वाटनी झाली, देव थोरल्याकडं ऱ्हायले. नवं टाक घडवायला पैका न्हवता. दोन वरीस देव्हारा मोकळा. आन त्या खंडेनवमीला हे कंपनीतनं आले, खिशातनं काडला आन म्हनले, घे, देव चालत आला. रविवार व्हता त्यो."

"मावशी," रंगराव सावकाश म्हणाले, "हा खंडोबा नाही. हे आमचे मोठेसाहेब आहेत."

रुक्मिणीबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे पाहिलं.

"तुमचा सायब घोड्यावर बसतो व्हय?"

"नाही. गाडीतून येतात."

"तलवार हाय त्यांच्याकडं?"

"तलवार कशी असेल?"

"मग?" ती म्हणाली.

विकत देता का, हे विचारायचं धाडस त्यांनी केलं, तेव्हा देव इकत न्हाईत एवढंच ऐकायला मिळालं. पण रंगराव निघाले तशी तीच मागून म्हणाली, "बदलायचा मातुर हाय. चौदा वरसं झाली, दर रविवारी चिंच लावून घासते. नाक गेलं, डोळं गेलं. झिजला का टाक बदलत्यात. पर सोनार म्हनतो, असला साचा माज्याकडं न्हाई. दुसरं तोंड मला नगं. हेच तोंड पायजे."

रंगराव घरी आले ते सायकल चालवत आले की हवेतून आले, हे त्यांनाच कळलं नाही. कारण साचा कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं.

टूलरूममध्ये अजीज नावाचा कारागीर होता. कंपनीच्या सगळ्या पट्ट्यांचे साचे त्यानेच पोलादात कोरलेले. पन्नाशीचा, गप्पिष्ट, स्वतःच्या कलेबद्दल कमालीचा बेफिकीर. सदुसष्टची डाय चहाच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होती.

"ह्यातला घोडा चिंचवड स्टेशनवरच्या टांग्याचा आहे," डाय फुंकून साफ करत तो म्हणाला. "साहेबाचा फोटो दिला होता, घोड्याचा कोण देणार? पण एक सांगा रंगराव. तुम्हाला पट्टी पायजे, डाय माझ्याकडं आहे. तुमचीच एक नवी मारून देतो. म्हातारीला कशाला तरास?"

"छे. ती खोटी होईल."

"चांदी तीच, डाय तीच, हात माझाच. मग खोटं काय?"

"सदुसष्ट साली निघाली ती खरी. आज निघेल ती नक्कल."

अजीजने डाय टेबलावर ठेवली. "म्हणजे म्हातारीला नकली देव चालेल, तुम्हाला नकली साहेब नाही चालणार."

"तिला झिजलेला बदलायचाच आहे," रंगराव चिडून म्हणाले. "तिचं काम होतंय, माझं होतंय. यात कोणाचं वाईट आहे?"

वाईट कोणाचंच नव्हतं, फक्त धोका होता. टूलरूममध्ये खासगी काम करायला बंदी होती. दोन वर्षांपूर्वी एकाने बहिणीच्या लग्नासाठी पितळेचा खलबत्ता काढला आणि तो खलबत्त्यासकट गेटबाहेर गेला. पण अजीजचा स्वभाव असा, की म्हातारीला तेच तोंड पाहिजे म्हणते, हे ऐकून तो खूश झाला होता. एवढ्या वर्षांत त्याच्या कोरीव कामाबद्दल कोणी काही बोललेलं नव्हतं.

चांदी रंगरावांनी दिली. त्यांच्याकडे चंद्राच्या पट्टीची एक जोडप्रत होती. जगाने पट्ट्या वितळवल्या म्हणून ज्याने सात वर्षं बोटं मोडली, त्याने ती गुपचूप मोज्यात गुंडाळून आणली. वितळवायला वेळ नव्हता. शनिवारच्या जेवणाच्या सुट्टीत अजीजने ती तशीच भट्टीत लाल केली, प्रेसखाली ठेवली आणि दोन ठोके मारले. चंद्रावर खंडोबा उमटला. पंप गेला, दगडधोंडे गेले, मागचं साल आणि क्रमांकही दबून गेले, पण चंद्राचा गोळा पुरता काही मोडला नाही. स्वाराच्या डोक्यामागे त्याची एक फिकट वाटोळी कड राहून गेली.

"तिसरा ठोका मारला तर घोड्याचे पाय जातील," अजीज म्हणाला. "राहू दे राव. देवाच्या मागं चंद्र असला तर बिघडतं कुठं?"

बिघडलं काहीच नाही. रुक्मिणीबाईने नवा टाक हातात घेतला आणि त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "नाक आलं," ती म्हणाली, आणि तिने पदराने डोळे पुसले. "आन मागं चंद्रबी आला." मग रीतीप्रमाणे ती जुना आणि नवा असे दोन्ही देव घेऊन जेजुरीला भेट घालून आली, नवा देव्हाऱ्यात बसवला आणि पुढच्या रविवारी जुना रंगरावांच्या हातावर ठेवला.

"सोनाराला देनार?"

"नाही मावशी. जपून ठेवणार."

"घरात ठिवनार आसाल तर उपाशी ठिवू नगा. रविवारचा निवद दावा. आन चिंच लावा, काळा पडू देऊ नगा."

रंगरावांनी मान डोलावली. बायामाणसांच्या सांगण्याला पुरुषमाणूस डोलावतो तशी.

घरी येऊन त्यांनी मोजे चढवले आणि पट्टी उजेडात धरली. समोरची बाजू जवळजवळ सपाट झाली होती. घोडा आहे हे माहीत होतं म्हणून घोडा दिसत होता. पण मागे साल शाबूत होतं आणि क्रमांकही शाबूत होता, अकरापैकी सात. अस्सल. त्यांनी ती सहाव्या खणात ठेवली आणि काच लावली. ना चिंच, ना नैवेद्य. दिवाळीपर्यंत भंडारा उडाला आणि देव काळा पडला. रंगरावांना त्याचा आनंदच झाला. यादीत तसंच म्हटलं होतं.

जानेवारीत प्रदर्शन भरलं. रंगरावांनी नवा बुशकोट शिवला होता. प्रभावतीबाई पहिल्या रांगेत बसायच्या तयारीने आल्या होत्या. पेटी हॉलच्या मधोमध, तिच्यापुढे पाटी, 'संपूर्ण रौप्यपट्टिका संच. संग्राहक' आणि पुढे त्यांचं नाव. नाव त्यांनी स्वतःच मोठ्या अक्षरात काढलं होतं.

मोठेसाहेब आले. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, मागे ऑफिसरांची रांग. ते पेटीवर वाकले आणि पहिल्या खणापासून बघू लागले. प्रत्येक पट्टीवर स्वतःचीच कल्पना बघून त्यांना नव्याने कौतुक वाटत होतं. रंगराव शेजारी ताठ उभे होते. सहाव्या खणाशी साहेब थांबले.

"हे काय?"

"सदुसष्टची, सर. अत्यंत दुर्मिळ. अस्सल."

"माझं तोंड कुठं आहे?"

"झिजलं, सर."

"कशाने झिजलं?"

रंगराव खरं बोलणारे गृहस्थ होते. "चिंचेने, सर," ते म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. आपलं तोंड कोणीतरी चिंच लावून घासून काढलं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. त्यांनी वेल्फेअर ऑफिसरकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याने तातडीने त्यांना पुढे नेलं. पुढे त्या पहिल्या इंजिनाच्या अकरा जणांचे घरचे लोक बसवले होते. त्यांना पत्रं गेली होती, गाड्या पाठवल्या होत्या. पत्रात 'रौप्यपट्टिका असल्यास सोबत आणावी' असं वाक्य होतं. ते पुनावळ्यात कोणी तरी वाचून दाखवलं होतं. कंपनीने देवाला आवतण दिलं म्हटल्यावर रुक्मिणीबाई देवाला घेऊन आली होती.

तिने फडकं सोडलं. कोरीव, लखलखीत पट्टी, कपाळावर भंडारा.

मोठेसाहेब बघतच राहिले. नाक होतं, डोळे होते, हॅट होती, उगारलेला पाना होता. "आणि हे तेजोवलय," ते वेल्फेअर ऑफिसरला म्हणाले, "हे मीच सुचवलं होतं. आठवतंय मला."

सदुसष्टच्या पट्टीवर तेजोवलय नव्हतं, हे त्या हॉलमध्ये रुक्मिणीबाई सोडली तर दोनच माणसांच्या लक्षात होतं. एक पेटीशेजारी उभा होता, दुसरा टूलरूमच्या रांगेत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

पुढचं झटपट झालं. व्यासपीठावर खुर्ची मांडली गेली. ती रंगरावांसाठीच आणली होती, पण तिच्यात रुक्मिणीबाईला बसवलं. शाल आली, नारळ आला. साहेबांनी भाषण केलं. एक साधी बाई चौदा वर्षं कंपनीची आठवण जपते, तिला ओरखडासुद्धा पडू देत नाही. नाहीतर काही सुशिक्षित लोक, ज्यांच्याकडे दिलेली वस्तू ओळखूसुद्धा येत नाही. हॉलमधल्या माना पेटीकडे वळून परत फिरल्या. रंगरावांचे कान तापले. सात वर्षं, सायकल, मोजे, चंद्राची पट्टी, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि रडू येईल की काय अशी त्यांना भीती वाटली.

"बाई, इतकी वर्षं कशी जपलीत?" साहेबांनी माईक तिच्यापुढे धरला.

"देव हाय सायेब," रुक्मिणीबाई म्हणाली. "त्योच आपल्याला जपतो."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी नम्रपणे हात जोडले. सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिथे थांबलं असतं तर बरं होतं, पण रुक्मिणीबाईला फुकटची शाल सहन होईना.

"पर म्या काय केलं न्हाई," ती म्हणाली. "माजा देव झिजला व्हता. ह्यो नवा टायमापिसातल्या रंगरावांनी करून आनला. लई भला मानूस. त्ये बगा हुबं हायेत, चष्मेवाले."

हॉल वळला. वीस वर्षांत पहिल्यांदा सहाशे माणसांनी एकाच वेळी रंगरावांकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. बाजारात पाहुणे कुठले म्हणून विचारणारा फिटरही मान उंच करून बघत होता. ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप केला तो आयता समोर उभा होता. त्यांनी नुसतं 'होय' म्हणायचं होतं.

"नवा?" वेल्फेअर ऑफिसर म्हणाला. "नवा कुठून आणला?" आणि त्याची नजर टूलरूमच्या रांगेकडे सरकली. अजीजने अजून मान वर केली नव्हती. त्याच्या नोकरीला अजून आठ वर्षं होती, घरात लग्नाची मुलगी होती.

रंगरावांनी घसा खाकरला.

"मावशींची गफलत होतेय, सर," ते म्हणाले. "मी काहीच दिलेलं नाही. पट्टी त्यांचीच आहे, सदुसष्टची. मी एकदा बघायला गेलो होतो, एवढंच."

"वय झालं की होतं असं," मोठेसाहेब प्रेमाने म्हणाले. हॉल हसला, आणि सहाशे माना पुन्हा व्यासपीठाकडे वळल्या. रंगरावांनी बुशकोटाची बटणं नीट केली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

चहाच्या वेळी रुक्मिणीबाई शाल काखेत मारून पेटीपाशी आली.

"खोटं का वो बोललात?"

"खरं बोललो असतो तर ज्याने तुमचा देव घडवला त्याची नोकरी गेली असती, मावशी."

तिने जरा विचार केला. "मंग बराबर बोललात." एवढ्यात तिची नजर काचेखाली गेली. तिने पायातल्या वहाणा काढल्या. "काळा पडला. घासला न्हाई?"

रंगराव पाटी सरळ करू लागले.

"निवद?"

टाइम ऑफिसच्या खिडकीबाहेर उभं राहिल्यावर माणसाला काय वाटत असेल, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. रुक्मिणीबाईने काच वर उचलली, सहाव्या खणातला देव उघड्या हाताने काढला, पदराने पुसला, कनवटीचा भंडारा लावला आणि परत ठेवला. मोजे टेबलावर तसेच पडले होते. रंगरावांनी ते पुढे केले नाहीत. मागे चहाचे कप घेतलेली माणसं थांबली होती. कोणी हात जोडले, कोणी चार आणे ठेवले, आणि कार्यक्रम संपेपर्यंत पेटीपुढची रांग काही हलली नाही. पाटीवरचं नाव मात्र कोणी वाचलं नाही. जाताना अजीज रांगेतून पुढे आला, काचेत वाकून त्याने आपण कोरलेला टांग्याचा घोडा शोधला आणि रंगरावांचा हात दाबून निघून गेला.

रविवारी सकाळी रंगराव मोरीपाशी पाट टाकून बसले. वाटीत भिजवलेली चिंच होती. मोजे त्यांनी घातले नव्हते. अंगठ्याने ते पट्टी घासत होते, आणि तिच्यावर उरलासुरला जो घोडा होता तोही थोडाथोडा वाटीत उतरत होता. प्रभावतीबाई नैवेद्याचं ताट घेऊन मागे उभ्या राहिल्या. ताटात भरीत होतं, भाकरी होती.

"हा नक्की कोणाला दाखवायचा?" त्यांनी विचारलं. "खंडोबाला, की तुमच्या साहेबांना?"

रंगरावांनी पट्टी पाण्याखाली धरली आणि उलटसुलट करून पाहिली.

"तोंडच राहिलं नाही आता," ते म्हणाले. "ज्याला भूक असेल तो जेवेल. ठेव."